‘नाना’ लिहिलेली दुसरी ओळ

सैन्यातून सुटी होण्याआधी जे वैद्यकीय मंडळ बसतं, ते रिलीज मेडिकल बोर्ड. बोलण्यात आरएमबी. त्याचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्यावर प्रत्येक आजाराला वेगळी ओळ असते आणि प्रत्येक ओळीपुढे तेच प्रश्न: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी त्याचा संबंधच नाही? पहिल्या ओळीत डिप्रेशन किंवा पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार), पुढे ‘बळावला: होय’. दुसऱ्या ओळीत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे ओएसए, झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार. त्यापुढे ‘नाना’. निदर ॲट्रिब्यूटेबल नॉर ॲग्रव्हेटेड, म्हणजे सेवेमुळे झालाही नाही आणि बळावलाही नाही. घरातला नाना प्रेमळ असतो. दप्तरातला हा नाना पेन्शन खातो. कारणाच्या रकान्यात बहुधा दोनच शब्द सापडतात: लठ्ठपणा, जीवनशैली.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या ज्या घरांतून माणसं मराठा लाइट इन्फंट्रीत, नौदलात, सिग्नल्समध्ये गेली, त्या घरांसाठी हे लिहिलं आहे. विषय एवढाच, की पहिल्या ओळीतला मनाचा आजार आणि दुसऱ्या ओळीतला झोपेचा आजार यांच्यामधली रेघ मंडळ आपण होऊन ओढत नाही. ती कागदांनी ओढून द्यावी लागते.

आधी गणित, कारण भांडण करण्याजोगं आहे की नाही ते त्यावरच ठरतं.

समजा मंडळानं मनाच्या आजाराला ४० टक्के दिले आणि ओएसएला २०. दोन्ही मिळून ६० होत नाहीत. एकत्रित अंदाज मंडळ वेगळा लिहितं, समजा ५० लिहिला. त्याच्या पुढे आणखी एक आकडा असतो: पेन्शनला पात्र ठरणारा निव्वळ अंदाज, ‘नेट असेसमेंट’. ओएसए नाना असेल तर तिथे ४०च राहतात. माणूस ५० वाचतो आणि निर्धास्त होतो. पैसे मिळतात ते ४०वर.

आता पुढची पायरी. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१च्या पत्राप्रमाणे ५०हून कमी अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५चं ७५ आणि ७६ ते १००चं १००. याला ब्रॉड बँडिंग किंवा राउंडिंग ऑफ म्हणतात. हे पत्र आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरतं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालात तो लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. शेवटचं वेतन ६०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांचा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, त्याच्या ३० टक्के, म्हणजे १८,०००. निव्वळ ४० असतील तर ते ५० होतात आणि हातात ९,००० येतात. निव्वळ ५० असतील तर ते ७५ होतात आणि १३,५०० येतात. दुसऱ्या ओळीतला नाना खोडला गेला तर महिन्याला ४,५०० रुपये जास्त, शिवाय त्यावर महागाई सवलत.

उलट बाजूही मांडून बघा. मनाच्या आजारालाच ६० मिळाले असतील आणि ओएसए धरून ७० होत असतील, तर दोन्हीकडे ७५च. अशा वेळी ओएसएसाठी दोन-तीन वर्षं खेटे घालण्यात पैशाचा काही लाभ नाही. वकिलाकडे जाण्याआधी हे गणित पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करून पाहावं. काही वकील ते करून दाखवतात, सगळे नाही. आणि कुठल्याही वाटेनं निव्वळ आकडा २०च्या खाली राहत असेल, तर मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही.

एक तारीख लक्षात ठेवा: २१ सप्टेंबर २०२३. त्या दिवसापासून कॅज्युअल्टी पेन्शनचे, म्हणजे सेवेतल्या आजार-इजेबद्दलच्या पेन्शनचे, नवे पात्रता नियम लागू झाले आणि ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा नवा शब्द आला. सुटी त्याआधीची असेल तर जुने नियम. नंतरची असेल तर वरचं गणित जसंच्या तसं उचलू नका, नवे नियम उघडून आपल्या सुटीच्या प्रकाराला काय लागू होतं ते पाहा.

आता अमेरिकेबद्दल थोडं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ तिकडचे असतात आणि त्यातली भाषा इथल्या अर्जांत घुसते. तिथे माजी सैनिकांच्या खात्याच्या नियमांत, ३८ सीएफआर ३.३१०मध्ये, ‘दुय्यम’ आजाराची स्वतंत्र तरतूद आहे. सेवेशी जोडलेल्या एका आजारामुळे दुसरा झाला किंवा बळावला, तर दुसराही सेवेशी जोडला जातो. स्लीप ॲप्नियाची श्रेणी तिथे ६८४७ या क्रमांकाखाली ठरते: निदान आहे पण त्रास नाही तर शून्य, दिवसा सतत झापड येत असेल तर ३०, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागत असेल तर ५०, श्वसन निकामी होण्यापर्यंत गेलं किंवा गळ्याला छिद्र पाडावं लागलं तर १००. फेब्रुवारी २०२२मध्ये हे टक्के बदलण्याचा, म्हणजे उपचारानं किती गुण येतो यावर श्रेणी ठरवण्याचा प्रस्ताव तिथे मांडला गेला. पुरावा दोन्ही बाजूंनी समसमान असेल तर तिथे सैनिकाच्या बाजूनं निकाल द्यायचा असतो. म्हणून तिकडचे डॉक्टर ‘किमान तितकीच शक्यता’ अशा अर्थाचं ठरीव वाक्य लिहितात.

यातलं काय इथे चालत नाही? टक्के तर मुळीच नाहीत. ‘मला सीपॅप लागतं म्हणून ५० टक्के’ हे वाक्य आपल्या अपिलात आलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, की अर्ज व्हिडिओ बघून लिहिलाय. ‘सेकंडरी’ असा रकानाही आपल्या कागदावर नाही. इथे ओएसए स्वतः सेवेमुळे झाला किंवा बळावला असंच म्हणावं लागतं, आणि मनाचा आजार व त्याचे उपचार ही त्यामागची वाट म्हणून दाखवावी लागते.

पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. लठ्ठपणा हा त्या खात्याच्या लेखी स्वतंत्र अपंगत्व नाही. तरीही २०१७मध्ये तिथल्या मुख्य कायदा सल्लागारानं मत दिलं, की तो साखळीतली मधली कडी असू शकतो. सेवेतला आजार, त्यातून वाढलेलं वजन, वजनातून तिसरा आजार. आपल्याकडे मंडळ ‘लठ्ठपणा’ हा शब्द जिथे पूर्णविराम म्हणून वापरतं, तिथून पुढचा प्रश्न विचारायला ही मांडणी शिकवते: वजन वाढलं ते कधी, आणि का?

त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा गोळ्यांच्या पाकिटावर असतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिननं वजन सर्वांत जास्त वाढतं. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, मिर्टाझापिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम, पॅरॉक्सेटिन यांनीही वाढतं. ॲरिपिप्राझोल किंवा लुरासिडोननं फारसं वाढत नाही, त्यामुळे या गोळ्या चालू असताना वाढलेल्या वजनाचं खापर औषधावर सहजी फोडता येत नाही. वजन आणि ओएसए यांचा संबंध वादाचा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षं पाहणी करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० टक्के वजन वाढलेल्यांचा एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, सरासरी ३२ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि मध्यम ते तीव्र आजार जडण्याची शक्यता सहापट झाली. ७० किलोच्या माणसाला १० टक्के म्हणजे फक्त ७ किलो. ओलान्झापिनवर तेवढं वजन काही महिन्यांत वाढू शकतं.

दुसरी वाट झोपेच्या गोळ्यांची. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करू शकतात आणि जाग येण्याचा उंबरठा उंचावतात, म्हणजे श्वास अडला तरी लवकर जाग येत नाही. ओएसए आधीपासून सौम्य असेल तर ‘बळावला’ हा मुद्दा इथून मांडता येतो. मात्र हा पुरावा वजनाच्या पुराव्याइतका भक्कम नाही, तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. ‘पीटीएसडीमुळे थेट घसा मिटतो’ असं तर लिहूच नये. दोन्ही आजार एकत्र आढळतात हे खरं. पण एकत्र आढळणं आणि एकानं दुसरा होणं यांत फरक आहे, आणि मंडळातला छातीरोगतज्ज्ञ नेमकं तेवढंच धरून पूर्ण दावा झटकू शकतो.

दारूचं काय? दारूनं ओएसए बळावतो, वजनही वाढतं, आणि वैद्यकीय कागदांत ‘अल्कोहोल’ची नोंद असेल तर मंडळ सगळं कारण तिकडे ढकलतं. नोंद असेल तर लपवू नका. दारू सुटल्याची तारीख आणि त्यानंतरही वजन व घोरणं वाढतच गेल्याची नोंद, हेच त्यावरचं उत्तर.

हे सगळं एका फुलस्केप कागदावर यायला हवं. पाच रकाने आखा: तारीख, नेमणूक कुठे होती, वजन, चालू औषध व त्याची मात्रा, आणि झोपेची तक्रार. पहिली ओळ भरतीच्या वैद्यकीय तपासणीची, तेव्हाच्या वजनासह. नंतर दरवर्षीच्या तपासणीची एकेक ओळ. ज्या तारखेला मनाच्या आजारासाठी खालची वैद्यकीय कॅटेगरी लागली ती ओळ लाल पेनानं. सैन्यातल्या शेप पद्धतीत एस म्हणजे मन आणि पी म्हणजे शरीराची क्षमता; पुढचा २ म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या एक पायरी खाली. तेव्हा ‘एस-२’ कधी लागलं आणि ओएसएसाठी ‘पी-२’ कधी, हे दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक नोंदीपुढे जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक. पान क्रमांक नसलेली नोंद तक्त्यात ठेवू नका, ती नुसती आठवण ठरते.

तक्ता तयार झाला की तो स्वतःच बोलतो, आणि कधी कधी विरुद्धही बोलतो. मनाचा आजार सुरू होण्याआधीच वजन वाढलेलं दिसलं, किंवा घोरण्याची तक्रार औषधाच्या दोन वर्षं आधीची निघाली, तर साखळी तुटली. अशा फाइलला ‘झाला’ सोडून ‘बळावला’वर यावं लागतं: औषधाआधी एवढं वजन, एवढा त्रास, औषधानंतर एवढं वजन, आणि मग मशीन लागलं. त्यातही काही नसेल तर ओएसएचा दावा सोडून पहिल्या ओळीचे टक्के बरोबर लागलेत का तेवढं पाहावं. भारतीय शरीरासाठी बीएमआयची रेघ खाली आहे हेही ध्यानात असू द्या: २३पासून जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. ‘भरतीच्या वेळी मी सडपातळ होतो’ म्हणणाऱ्याचा बीएमआय कागदावर २४ निघू शकतो.

सर्वांत आधी मात्र पहिली ओळ. मनाचा आजारच नाना असेल तर त्याच्या खांद्यावर ओएसए उभा राहू शकत नाही. मानसिक आजाराला नाना लिहिताना ठरलेलं कारण येतं: आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीत, सुरू झाला, फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा दहशतवादविरोधी कामगिरीशी काळाचा जवळचा संबंध नाही. म्हणून तक्त्यात नेमणुकीचा रकाना. सियाचीन किंवा काश्मीर खोऱ्यातून बेळगावला आल्यावर चौथ्या महिन्यात झोप उडाली असेल, तर आजार ‘पीस’मध्ये नोंदवला गेला, सुरू तिथे झालाच असं नाही. एएफएमएसएफ-१० हा कागद इथे शोधून काढायचा; मानसिक तपासणीला पाठवताना युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनं वागणूक, काम, घरचे ताण यांबद्दल भरलेला तो अहवाल. त्यात ‘घरगुती कारण’ असं लिहिलं असेल तर मंडळ त्याचाच आधार घेतं. ‘कामात चोख, अमुक महिन्यापासून बदल’ असं असेल तर तो सोन्यासारखा कागद.

न्यायालयांनी काय म्हटलंय? २०१३च्या धरमवीर सिंग निकालाचा आधार सगळेच घेतात, आणि घ्यावाच: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं मानायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. पण २०१९च्या नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत हे गृहीतक आपोआप लावायला नकार दिला; मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसेलच असं नाही, असा मुद्दा तिथे आला. २०२५च्या राजुमोन निकालात मंडळानं कारण न देता नुसतं मत लिहिलं तर ते टिकत नाही यावर भर आहे. ओएसएच्या ओळीसाठी तिसरा निकाल जास्त कामाचा. ‘लठ्ठपणा’ हा एक शब्द म्हणजे कारणमीमांसा का? औषध सुरू असल्याची नोंद त्याच मंडळापुढे होती. वजन त्यानंतर वाढल्याचीही होती. या दोन नोंदींची दखल मतात कुठेच नाही, हेच अपिलात ठामपणे सांगायचं.

कागद मिळवायचे कुठून? लष्कराच्या जवानाचे वैद्यकीय कागद त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे; मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात. खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं कॅब्स हे नौदलाचं कार्यालय, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहिलं की आरएमबीची एक प्रत येते आणि प्रकरण बंद होतं. नावानं मागा: भरतीची वैद्यकीय तपासणी, सगळ्या वार्षिक तपासण्या, कॅटेगरी लावलेली प्रत्येक बोर्ड प्रोसीडिंग, एएफएमएसएफ-१०, मानसोपचारतज्ज्ञाचे सर्व अभिप्राय, रुग्णालयातून सोडल्याचे सारांश, स्लीप स्टडीचा पूर्ण अहवाल, आणि आरएमबी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यांसह. रुग्णालयं आपल्याकडचे केसपेपर ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे हा अर्ज उशिरा करण्यात नुकसान आहे. सुटी झालेल्या आठवड्यात केला तरी चालतो.

सुटीनंतरचे कागद गोव्यातले. बांबोळीला आयपीएचबी या मनोरुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथले, गोवा मेडिकल कॉलेजचे, वास्कोला आयएनएचएस जीवंती या नौदलाच्या रुग्णालयाचे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधल्या रेफरलचे. औषधाच्या चिठ्ठ्या फेकू नका. पावसाळ्यात ट्रंकेतल्या कागदांना बुरशी येते, शाई उडते. चवथीच्या आधी घर साफ करताना या ट्रंका उघडल्या जातात आणि ‘जुने कागद’ म्हणून नेमके हेच बाहेर जातात. मोबाइलवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

घरच्यांचं निवेदनही कामाचं, पण नीट लिहिलं तरच. ‘ते खूप घोरतात’ यानं काही होत नाही. ‘अमुक वर्षी मे महिन्यात सुटीवर आले तेव्हा रात्री श्वास थांबून धडपडून उठत, तेव्हा अमुक गोळी चालू होती, पूर्वी असं नव्हतं’, असं पाहिलेलं तेवढंच, तारखेजवळ. बरॅकमध्ये शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र बायकोच्या निवेदनापेक्षा जास्त वजनदार ठरू शकतं, कारण तो सेवेतल्या काळाचा साक्षीदार.

स्लीप स्टडीबद्दल एक बारकावा. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याच्या घटना, प्रत्येक किमान १० सेकंदांची. ५च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. घरी करायच्या साध्या चाचणीत मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे माणूस प्रत्यक्ष किती तास झोपला हे यंत्राला कळत नाही; यंत्र चालू असलेल्या वेळेनं भागलं जातं. पीटीएसडीचा माणूस ७ तासांत साडेतीनच तास झोपला असेल आणि घटना ७० असतील, तर यंत्र १० दाखवेल, खरा आकडा २०. सौम्य आणि मध्यम एवढा फरक! मनाच्या आजाराचा रुग्ण असेल तर रात्रभर प्रयोगशाळेत होणारी पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी मागावी आणि अहवालात प्रत्यक्ष झोपेचे तास छापलेत का पाहावं. दिवसा किती झापड येते ते मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीचे गुण, २४ पैकी १०च्या वर असतील तर, अहवालालाच जोडून घ्या. आणि चाचणीच्या रात्री चालू असलेल्या गोळ्यांची नावं तंत्रज्ञाला लिहायला लावा. नाही तर ‘औषधाचा परिणाम’ हा मुद्दा मांडताना त्या रात्री कुठली गोळी पोटात होती हेच सिद्ध होत नाही.

आता डॉक्टरांचं मत. ‘रुग्णास डिप्रेशन व ओएसए आहे, योग्य ती मदत करावी’ ही चिठ्ठी शंभरजणांकडे असते आणि तिचा शून्य उपयोग. दोन डॉक्टर लागतात: मानसोपचारतज्ज्ञ औषध आणि त्याचा काळ सांगेल, छातीरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ श्वासाचं सांगेल. त्यांच्यापुढे तक्ता ठेवा आणि प्रश्न नेमके विचारा. हे औषध या मात्रेत इतके महिने चाललं, त्या काळात वजन इतक्यावरून इतक्यावर गेलं, ही वाढ औषधाच्या ज्ञात परिणामाशी जुळते का? त्या वाढीनं ओएसए झाला किंवा बळावला असण्याची शक्यता किती? नाकाचं वाकडं हाड, मोठे टॉन्सिल, लहान हनुवटी, थायरॉइड अशी दुसरी कारणं तपासली का, आणि त्यांचा वाटा किती? शेवटचा प्रश्न लोक टाळतात. टाळू नये. मंडळ तो विचारणारच, आणि उत्तर आधीच लिहिलेलं असेल तर मतपत्र पक्षपाती वाटत नाही. मतपत्रात ‘खालील कागद पाहिले’ अशी यादी असायलाच हवी; सेवेतले कागद न पाहता दिलेलं मत पहिल्याच वाचनात बाजूला पडतं.

आणखी एक सापळा आहे. थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, मोडकी झोप ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच. साखळी उलटी फिरवून ‘ओएसएमुळेच डिप्रेशन आलं, आणि ओएसए नाना’ असं कुणी लिहिलं, तर दोन्ही ओळी जातात. यावर उपाय तारखांचाच. एस-२ आधी, पी-२ नंतर, मधे गोळ्या आणि वजन.

नकाराचं पत्र आलं की पाकीट जपून ठेवा, पोस्टाच्या शिक्क्यासह. पहिलं अपील सहा महिन्यांत, ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जातं. ते फेटाळलं तर दुसरं अपील दुसऱ्या समितीकडे, पुन्हा सहा महिन्यांत. सुटीनंतर शहरात राहायला गेलेल्यांचं पत्र गावच्या पत्त्यावर जातं आणि तिथे म्हातारे आईवडील ते देवघरात ठेवून देतात. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर पत्ता आणि मोबाइल बरोबर आहेत का ते आधी बघा. अपील दोन पानांचं पुरे. पहिल्या पानावर दुसऱ्या ओळीतलं मंडळाचं कारण शब्दशः, त्याखाली त्या कारणात न आलेल्या नोंदी. दुसऱ्या पानावर तक्ता. देशसेवेचं वर्णन, पदकं, घरची परिस्थिती यांना समितीपुढे वजन नाही.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, एएफटी. गोवा मुंबई खंडपीठाकडे येतो. २००७च्या कायद्यात आधी खात्यातली दारं ठोठावून या असं आहे, आणि शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांची मुदत. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत जाता येतं. उशीर झाला तरी पेन्शनचा प्रश्न दर महिन्याला नव्यानं उभा राहतो असं मानून दावा ऐकतात, पण थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २००८चा तरसेम सिंग निकाल तो. खंडपीठात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो, म्हणजे सैन्यातून आलेला माणूस समोर असतो. त्याला शेप, एएफएमएसएफ-१० समजावून सांगावं लागत नाही.

मागण्या कशा मांडायच्या यात खूप काही अडकलेलं असतं. फक्त ‘ओएसए सेवेमुळे झाला असं जाहीर करा’ एवढंच मागितलं तर न्यायाधिकरण म्हणू शकतं, की वैद्यकीय मताच्या जागी आम्ही आमचं मत ठेवणार नाही. म्हणून पर्यायी मागणी हवीच: मानसोपचारतज्ज्ञ आणि छातीरोगतज्ज्ञ दोघे असलेलं रिव्ह्यू मेडिकल बोर्ड बसवावं आणि त्यानं औषध, वजन, ओएसए या क्रमावर कारणांसह मत द्यावं. मग निव्वळ अंदाज नव्यानं, मग राउंडिंग, मग थकबाकी. राउंडिंग वेगळं मागायला विसरलात तर ५० टक्के मिळूनही ७५साठी पुन्हा अर्ज करावा लागतो. तारखेला मुंबईला जायचं तर मडगाव किंवा थिवीहून कोकणकन्या रात्रभरात पोचवते, पण साध्या तारखांना अर्जदारानं जायची गरज नसते, वकील पुरतो. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानं मोफत वकिलाचा हक्क आहे. राज्य सैनिक बोर्डाकडे आधी तेवढं विचारा, मग पैसे मोजा.

या सगळ्या काळात सीपॅप चालूच ठेवायचं. दाव्यासाठी मशीन बंद ठेवणारे आहेत. ‘मशीन लावलं की एएचआय ३ दिसतो, मग टक्के कापतील’ ही भीती. त्यात रक्तदाब चढतो, गाडी चालवताना डोळा लागतो, आणि मशीनच्या मेमरी कार्डवरच्या रिकाम्या रात्री पाहून मंडळ ‘उपचारास सहकार्य नाही’ लिहितं. पीटीएसडीच्या माणसाला मास्क तोंडावर कोंडल्यासारखा वाटतो हे खरं आहे, आणि तेही कागदावर यायला हवं: किती रात्री काढून फेकला, मास्कचा कुठला प्रकार बदलला, दाब किती वेळा कमी-जास्त केला. नाकात बसणारा छोटा मास्क काहींना सोसतो. दिवसा टीव्हीपुढे बसून अर्धा तास लावायची सवय करणं हा जुना पण चालणारा उपाय. मशीन ईसीएचएसमधून घ्यायचं तर आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल, मग तज्ज्ञाची शिफारस, स्लीप स्टडी आणि मंजुरी. स्वतः विकत घेऊन मागाहून बिल लावलं की ते अडकतं.

गोव्यात जून ते सप्टेंबर मशीनला जपावं लागतं. हवेत आधीच ओल, त्यात ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारा भाग, मोठा ठेवला की नळीत पाणी साचून गुडगुडतं आणि झोप मोडते. पावसाळ्यात तो कमी करा. टाकीत डिस्टिल्ड पाणीच, विहिरीचं नको, आणि रोज सकाळी टाकी रिकामी करून वाळत ठेवा. फिल्टर काळा पडायला इथे वेळ लागत नाही. वीज रात्री दोनदा गेली तर कार्डवर त्या रात्री दोन-तीन तासच दिसतात. चार तासांहून कमी वापराची रात्र सहसा ‘वापरलं नाही’ अशीच मोजली जाते. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्याच्या रात्री कॅलेंडरवर खूण करत चला. रिव्ह्यू बोर्डाला जाताना मशीन न्यायची गरज नाही. कार्ड, मागच्या ९० दिवसांचा छापील अहवाल, तो खुणा केलेला कॅलेंडर आणि पाच रकान्यांचा तक्ता, तक्त्याच्या चार प्रती.